पुराची वाट पाहणारा मासा

धाकटीनं परवा विचारलेला प्रश्न मोठा आहे, म्हणून आज राक्षस आणि राजकन्या बाजूला ठेवू आणि त्या प्रश्नाचीच गोष्ट सांगू. कडवंचीला मामाच्या शेततळ्यात जाळं ओढलं तेव्हा तुम्ही सगळे काठावर होतात. दोन-अडीच किलोचा रोहू निघाला, पोट टम्म फुगलेलं. मामीनं तो चिरला आणि आतून बारीक दाण्यांनी गच्च भरलेल्या दोन लांब पिशव्या बाहेर आल्या. तेव्हा ही म्हणाली, "आबा, पोटात एवढी अंडी आहेत, मग तळ्यात याची पिल्लं का नाहीत? मामा दरवर्षी बोटुकली विकत का आणतो?"

उत्तर तसं सोपं आहे. रोहू साचल्या पाण्यात अंडी सोडत नाही. पण का सोडत नाही, हे कळायला आपल्याला तळ्यावरून उठून नदीवर जावं लागेल, आणि माशाच्या पोटात, घशात, अगदी मेंदूच्या खालपर्यंत डोकवावं लागेल. तर नीट मांडी घालून बसा.

आपल्या जालन्यात नद्यांची नावं पुष्कळ. कुंडलिका, दुधना, गिरजा, पूर्णा. पण वाहतात त्या पावसाळ्यात. चैत्र-वैशाखात पात्रात वाळू आणि गोटे. म्हणून तर कडवंचीसारख्या गावानं नव्वदच्या दशकाच्या शेवटी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं पाणलोटाचं काम केलं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं. पुढं शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तळ्यातलं पाणी बागेसाठी. त्यात मासे सोडले तर तेवढंच वरकड उत्पन्न. बारमाही म्हणावी अशी आपली एकच, ती दक्षिणेची गोदावरी. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या कडेनं जाते, पलीकडे बीड जिल्हा. आपण तिला गंगाच म्हणतो आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी.

रोहू मूळचा उत्तरेचा. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सिंधू, या नद्यांमधला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरानं १८२२ साली गंगेच्या माशांवर ग्रंथ छापला, त्यात रोहूची पहिली शास्त्रीय नोंद आहे. आपल्या पाण्यात तो माणसानं आणून सोडला आणि इथं तो रुळला. त्याचं कुळ कार्प. गोड्या पाण्यातल्या माशांमध्ये याच्याएवढा गोतावळा दुसऱ्या कुणाचा नाही. आग्नेय आशियात मेकाँग नदीत या कुळाचा एक महाकाय बार्ब आहे, तो तीनशे किलोपर्यंत जाऊ शकतो. आणि सुमात्रा बेटावरच्या दलदलीत याच गणगोतातला एक मासा २००६ साली शास्त्रज्ञांनी जगापुढं आणला, त्याची सर्वांत छोटी पूर्ण वाढलेली मादी आठ मिलिमीटरही भरत नाही.

आता रोहूच्या तोंडात बोट घालून पाहा. थोरल्या, तू परवा घातलंस ना? काय लागलं? काहीच नाही. जबड्यात एकही दात नाही. ओठ मांसल, खालच्या ओठाला झालर. या ओठांनी तो पाण्यातलं शेवाळ, कुजकी पानं, वनस्पतींचे तुकडे ओढून घेतो. मग चावतो कशानं? दात घशात आहेत! कल्ल्यांच्या मागं दोन वाकडी हाडं असतात, त्यांवर दातांच्या तीन-तीन रांगा. कवटीच्या बुडाशी एक टणक गादी असते, तिच्यावर हे दात घासून घास रगडला जातो. मामीनं डोकं वेगळं केल्यावर मी ती हाडं धुऊन तुमच्या तळहातावर ठेवली होती. ती फेकू नका, वाळवून ठेवा. कार्प कुळातल्या माशांच्या जाती ओळखायला शास्त्रज्ञ तीच हाडं बघतात.

घास रगडला, पण पुढं जठर नाही. या कुळाला जठर नसतंच. घशातून थेट आतडं, आणि रोहूचं आतडं त्याच्या अंगाच्या कितीतरी पट लांब, गुंडाळ्यांवर गुंडाळ्या. शेवाळ-पाला पचायला वेळ लागतो म्हणून एवढी लांबी. तळ्यात त्याचे आणखी दोन भाऊबंद असतात: कटला वरच्या थरात बारीक तरंगते जीव खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाचा गाळ उपसतो. मामा तिन्ही एकत्र सोडतो ते यासाठी, कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

"आबा, माशाला ऐकू येतं का?"

येतं, आणि रोहूला फार चांगलं येतं. त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला मध्ये चुण्या पडून दोन कप्पे झालेले असतात. पाण्यातून आवाज आला की ही पिशवी थरथरते. पिशवीपासून आतल्या कानापर्यंत दोन्ही बाजूंनी इवल्या हाडांची साखळी असते, मणक्यांच्याच भागांपासून बनलेली. थरथर त्या हाडांवरून कानात पोचते. १८२० साली वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं या हाडांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना वेबरची हाडं म्हणतात. कार्प आणि शिंगट्यासारखे मासे, दोघांनाही ती असतात. पुढं कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञानं एका छोट्या आंधळ्या शिंगट्याला शिकवलं की शीळ वाजली की खायला मिळतं. मासा शीळ ऐकून बिळातून बाहेर यायला लागला! १९२३ साली त्यानं हे छापलं, तेव्हा मासे बहिरे असतात असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

याच फ्रिशनं आणखी एक गोष्ट शोधली. तळ्याकाठी तो कार्प कुळातल्या लहान माशांच्या थव्याला खायला घालत असे. एकदा जखमी मासा थव्यात सोडला, तर सगळा थवा घाबरून पांगला. प्रयोग करत करत १९३८ मध्ये त्यानं सांगितलं की माशाच्या कातडीला जखम झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याचा वास लागताच भाऊबंद पळतात. म्हणजे मरता मरता एक मासा बाकीच्यांना सावध करून जातो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. फ्रिशला पुढं १९७३ साली नोबेल मिळालं, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावला तोही यानंच.

म्हणजे असा हा मासा: कान तिखट, नाक तिखट, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक रेघ, जिच्यातून पाण्याचा जरासा हलणारा ओघही त्याला कळतो. आता आषाढातली नदी डोळ्यांसमोर आणा. वर नाशकाकडे, मध्ये नगर-वैजापूरकडे पाऊस कोसळलाय. पाणी गढूळ होतं, थोडं गार होतं, चढायला लागतं. ओघ वाढतो. काठावरचं गवत, बाभळीच्या मुळ्या, पडीक रान, सगळं पाण्याखाली जातं. इतके दिवस डोहात दबा धरून बसलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढायला लागतात, म्हणून त्यांना चढणीचे मासे म्हणतात. रोहूची पोटुशी मादी आणि तिच्यामागं दोन-तीन नर, असे ते काठच्या नव्या उथळ पाण्यात शिरतात. पाठीवरचे पर पाण्याबाहेर दिसतात. पाणी घुसळतं, खळबळाट होतो. मादी अंडी सोडते आणि त्याच क्षणी नर त्यांवर शुक्र सोडतो.

अंडी किती? किलोभर वजनामागे दोन लाखांच्या वर. परवा मामीनं चिरला त्या एका माशाच्या पोटात अख्ख्या जालना शहराच्या माणसांहून जास्त अंडी होती. आई-बाप पुढं ढुंकूनही पाहत नाहीत. अंडं सुटलं की पाणी शोषून घेतं आणि फुगून मूळच्या कितीतरी पट होतं, पारदर्शक. ते कशाला चिकटत नाही. पाण्याहून जरासं जड असल्यामुळे वाहत्या पाण्यात अधांतरी राहतं, साचल्या पाण्यात तळाशी जाऊन गाळात गुदमरतं. म्हणजे या अंड्याला जगायला वाहतं पाणीच लागतं. आणि वेळ थोडा लागतो! आज संध्याकाळी सोडलेल्या अंड्यातून उद्या दुपारच्या आत पिल्लू बाहेर. चार-पाच मिलिमीटरचं, पोटाला पिवळ्या बलकाची थैली. तिच्यावर ते तीनेक दिवस काढतं, मग तोंड उघडतं आणि पुराच्या उबदार उथळ पाण्यात जे सूक्ष्म जीव उपजलेले असतात ते टिपायला लागतं. पूर उशिरा आला किंवा आलाच नाही तर पिल्लांना ना वाहतं पाणी, ना खाणं. म्हणून मादी वाट पाहते.

वाट पाहते म्हणजे नेमकं काय होतं तिच्या आत? मेंदूच्या खाली बाजरीच्या दाण्याएवढी एक पांढुरकी ग्रंथी असते, पियुषिका. पाण्याचा ओघ, गारवा, गढूळपणा, चढती पातळी, या सगळ्या खबरा मेंदूत जमा होतात आणि मेंदू पियुषिकेला हुकूम देतो. ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते, तेव्हा कुठं अंडी शेवटची पिकतात आणि सुटतात. शेततळ्यात वैशाखापर्यंत अंडी तयार होतात, पण खबर येत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात कसला पूर? हुकूम सुटत नाही. मग हळूहळू शरीर ती अंडी परत शोषून घेतं, आणि पुढच्या वर्षी नव्यानं भरतं. धाकटे, तुझ्या प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरला दुसरा: मग मामाची बोटुकली येतात कुठून?

पूर्वी ती नदीतूनच यायची. बंगाल-बिहारकडे भर पुरात बारीक जाळी लावून माशांची जिरे पकडायची. जिरे म्हणजे नुकती अंड्यातून आलेली पिल्लं, धंद्यात हाच शब्द चालतो. पण त्यात रोहूबरोबर दहा जातींची पिल्लं यायची, त्यात बाकीच्यांना गिळणारीही असायची. बांकुरा, मेदिनीपूर या भागात लोकांनी वेगळी युक्ती केली होती. माळाच्या उतारावर मातीचा बांध घालायचा, त्यात मोठे मासे सोडायचे, आणि जोराचा पाऊस येऊन माळावरचं पाणी बांधात लोटलं की मासे त्याला पूर समजून अंडी सोडायचे. ती शेतकऱ्यांची बुद्धी पाहा, ग्रंथीचं नावही ऐकलं नसताना त्यांनी खबर कशी द्यायची ते शोधलं होतं.

पुढं हिरालाल चौधुरी आले. ओडिशात सरकारी मत्स्य संशोधनात काम करणारा हा माणूस. ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी १९३०च्या दशकात माशांना पियुषिकेचा अर्क टोचून अंडी सोडायला लावली होती, ते त्यांना ठाऊक होतं. आपल्या कार्पवर मात्र हे नीट जमत नव्हतं. चौधुरींनी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी नाद सोडला नाही. पिकलेल्या माशाच्या कवटीचा वरचा भाग कापायचा, मेंदू अलगद बाजूला सारायचा, खालची ग्रंथी चिमट्यानं न फोडता उचलायची आणि निर्जल अल्कोहोलमध्ये ठेवायची. वापरायच्या वेळी ती खलात घोटून अर्क काढायचा आणि शेपटीजवळच्या मांसात टोचायचा. मादीला दोनदा, मध्ये सहाएक तास जाऊ द्यायचे. दुसऱ्या वेळी नरालाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला हे साधलं, टोचलेल्या माशांनी बंदिस्त पाण्यात अंडी सोडली. तेव्हापासून नदीच्या जिऱ्यावर डोळे लावून बसायची गरज उरली नाही. २००१ पासून देशात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. चौधुरींचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या अक्षरात हवं असं मला वाटतं. आज गावोगावच्या बाजारात रोहू-कटला मिळतो त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

आता ग्रंथी काढावी लागत नाही, तयार औषधाची बाटली मिळते. पण अंड्याचा स्वभाव बदलला नाही. म्हणून हॅचरीत गोल हौद बांधतात आणि त्यात पाणी सतत गोल फिरत ठेवतात, जेणेकरून अंडी तळाशी बसू नयेत. औषधानं मादीला फसवता आलं, अंड्याला फसवता आलं नाही. त्याला खरंखुरं वाहतं पाणीच द्यावं लागलं. तिथून जिरे, मग काही आठवड्यांनी बोटभर लांबीची बोटुकली, आणि प्राणवायू भरलेल्या पिशवीतून ती मामाच्या तळ्यात.

"पण मामाच्या तळ्यात सायप्रिनसची पिल्लं होती की!"

बरोबर पाहिलंस. सायप्रिनसही कार्पच, पण त्याची रीत निराळी. त्याची अंडी चिकट असतात, पाणवनस्पतींना, मुळांना चिकटून बसतात आणि साचल्या पाण्यातही उबतात. त्याला पुराची गरज नाही. आपण वाढवतो त्याचा बँकॉकहून आणलेला वाण १९५७ सालीच भारतात आला. तळ्याच्या कडेला कुणी पाणगवत टाकलं असेल, त्यावर त्यानं काम साधलं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते ऐका. रोहूची सोय माणसानं केली. पण गोदावरीत तिचे स्वतःचे कार्प आहेत, दख्खनचे, कुणी आणून न सोडलेले. विल्यम साइक्स नावाचा इंग्रज कर्नल १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडला. इथल्या माशांवर त्यानं लिहिलं आणि कितीतरी जातींना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नाव म्हणून दिली. त्यातला एक मळ्या, गॅरा मुल्ल्या. वीतभरही नसतो. हनुवटीखाली एक गोल चकती असते, ती खडकाला दाबून धरून तो धो-धो ओघात जागच्या जागी टिकतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. अजिंठ्याच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांत गोटा उलटून पाहाल तेव्हा हळू उलटा, मळ्या असेल तर चकती नक्की पाहा. साइक्सनं असेच फुलुंगी, बोगट, पोटैल हे कार्प नोंदले. यांची बोटुकली पिशवीतून येत नाहीत. यांना नदीच लागते: उन्हाळा काढायला डोह, अंडी सोडायला पूर.

आणि नदी बदलली. १९७६ साली जायकवाडी धरण झालं, त्याच्या डाव्या कालव्यानं आपल्या जिल्ह्यातल्या शेतांना पाणी दिलं. मी त्याला नावं ठेवणार नाही, त्या पाण्यावर आपली घरं उभी राहिली. पुढं पैठणच्या खाली गोदावरीवर बंधाऱ्यांची ओळ झाली. आपल्या भागात जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी. पूर आला की त्यांची दारं उचलतात, नंतर पाणी अडवतात. वर धरण भरलं नाही तर खाली पूरच येत नाही, आणि २०१२-१३च्या दुष्काळासारख्या वर्षी तर जालना शहराला टँकरनं पाणी द्यावं लागलं, तिथं माशाचं कोण विचारतो? डोहांची वाळू उपसून नेली की उन्हाळ्याचा आसराही जातो. या माशांसाठी दोन गोष्टी झाल्या तर मी सुखी होईन. पावसाळ्याच्या सुरुवातीला वरून पाणी सोडायचं असेल तेव्हा काही दिवस सलग सोडावं, म्हणजे चढायला ओघ मिळेल. आणि पहिल्या पुरात काठाला आलेली फुगल्या पोटाची मादी जाळ्यात सापडली तर तेवढी सोडून द्यावी. भोई मंडळींपैकी जाणत्यांना हे सांगायची गरज नाही, हौशीनं काठावर येणाऱ्यांना आहे.

यंदा पूर ओसरला की महिन्याभरानं मी तुम्हाला गोदावरीकाठी शहागडला नेईन. काठच्या उथळ पाण्यात पांढरं ताट बुडवून उचलायचं, बोटाच्या पेराएवढी पिल्लं ताटात येतील. ओळखायचं कसं ते आत्ताच सांगून ठेवतो. पाठीवर ताठ काटे असतील तर तो चिलापी. डोकं अंगाच्या मानानं फार मोठं, शेपटीच्या बुडाशी डाग नाही, तो कटला. ओठाला झालर, शेपटीच्या बुडाशी आडवा काळपट पट्टा, तो रोहू. अंग सडपातळ, तिथंच तिकोनी काळा डाग, तो मृगळ. हनुवटीखाली चकती दिसली तर मळ्या. आणि यातलं काहीच जुळलं नाही तर मोठ्यानं मला हाक मारा, ताट सावलीत धरा, आणि मी येईपर्यंत पाणी सांडू देऊ नका.